एक चिठ्ठी, दोन दारं

गौरीजेवणाचा दिवस. चिंचवडमधल्या त्या घरात दुपारच्या पुरणपोळ्यांनी सगळे जडावलेले, आणि डायनिंग टेबलावर विड्याच्या तबकाशेजारी लॅपटॉप उघडा. पडद्यावर एमटेकच्या प्रवेशाच्या ‘गेट’ परीक्षेचा अर्ज. नाव, जन्मतारीख, कॉलेज, फोटो, सही, सगळं भरून झालेलं. गाडी अडली होती एका रकान्यापाशी : पेपर कोणता? ‘सीएस’, म्हणजे नेहमीचं कॉम्प्युटर सायन्स, की ‘डीए’, म्हणजे डेटा सायन्स आणि एआय?

अर्ज भरणारी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सल्लागार दोन. एक तिची मावशी. गेली बावीस वर्षं ती एमसीए आणि एमटेकच्या वर्गांना शिकवते. दुसरा तिचा सख्खा दादा. बीई झाल्यावर त्यानं सी-डॅकचा बिग डेटाचा सहा महिन्यांचा डिप्लोमा केला आणि सहा वर्षं तो हिंजवडीत डेटा इंजिनिअर आहे. मावशी-भाच्याचं मेतकूट एरवी चांगलं जमतं. हा एक विषय निघाला की मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना.

“कुठलाच पेपर देऊ नकोस,” दादा पान लावता लावता म्हणाला. “दोन वर्षं घालवून शेवटी येणार माझ्याच टीममध्ये. तोवर मी लीड झालेला असेन. तुझ्या रजा मीच मंजूर करायच्या.”

“हे ऐकून तर हिनं पीएचडीच करावी,” मावशी म्हणाली.

‘डीए’ हा पेपर तसा नवा. गेटमध्ये तो पहिल्यांदा आला २०२४ साली. तोपर्यंत डेटा सायन्सच्या एमटेकला जायचं तरी वाट कॉम्प्युटर सायन्स, गणित किंवा स्टॅटिस्टिक्ससारख्या पेपरातून जायची. आता तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण आणि सात भागांचा स्वतंत्र अभ्यासक्रम : प्रोबॅबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्स, लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस आणि ऑप्टिमायझेशन, प्रोग्रॅमिंग आणि डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, मशीन लर्निंग, एआय. मावशीनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला, अभ्यासक्रमाचं पान उघडलं आणि भाचीला म्हणाली, “यात हडूप शोध. मग स्पार्क शोध.”

मुलीनं शोधलं. एकही सापडलं नाही.

“पायथॉन आणि एसक्यूएल सोडलं, तर एका अवजाराचं नाव नाही त्यात. का नाही, ते याला विचार.”

“मलाच कशाला?” दादा म्हणाला. “माझ्या मुलाखतीत पहिला प्रश्न स्पार्कवर होता. दुसरा एसक्यूएलवर. लिनिअर अल्जिब्रातली आयगेन व्हॅल्यू कुणी विचारली नाही. सहा वर्षांत कुणी विचारली नाही.”

मावशीनं हडूपचीच गोष्ट काढली. गूगलच्या इंजिनिअरांनी २००३ मध्ये आपल्या फाइल सिस्टिमवर आणि २००४ मध्ये मॅपरिड्यूसवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. कल्पना अशी की, डेटा एका यंत्रात मावत नसेल तर तो शेकडो-हजारो साध्या यंत्रांवर वाटून टाकावा, प्रत्येकानं आपापल्या वाट्याचा हिशेब करावा आणि शेवटी सगळे हिशेब एकत्र करावेत. मॅपरिड्यूस लिहिणारे जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी निबंधात सांगूनच टाकलं होतं की, ही कल्पना त्यांना लिस्पसारख्या भाषांवरून सुचली. लिस्प १९५८ सालची. डग कटिंग आणि माइक काफारेला त्या वेळी नच नावाचं मुक्त सर्च इंजिन बांधत होते. त्यांनी ते निबंध वाचले आणि तशीच व्यवस्था स्वतः उभारली. २००६ मध्ये तिचं वेगळं बारसं झालं, आणि नाव ठेवलं कटिंगच्या लहान मुलाच्या पिवळ्या खेळण्यातल्या हत्तीचं : हडूप.

“पुढची काही वर्षं बिग डेटा म्हणजे हडूप असंच समीकरण होतं,” मावशी म्हणाली. “क्लासच्या पाट्यांवर तो हत्ती असायचा. माझे विद्यार्थी विचारायचे, मॅडम, तुम्ही हडूप का शिकवत नाही? २०१४ मध्ये गूगलनंच जाहीर केलं की आम्ही मॅपरिड्यूस सोडलं. २०१९ मध्ये हडूपच्या जिवावर उभ्या राहिलेल्या दोन मोठ्या कंपन्या, क्लाउडेरा आणि हॉर्टनवर्क्स, एकमेकींत विलीन झाल्या. जे नुसतं हडूपच शिकले होते त्यांचं काय झालं?”

“ते स्पार्क शिकले,” दादा म्हणाला. “मीही शिकलो. एका शनिवार-रविवारात.”

“आणि स्पार्क आलं कुठून?”

हा प्रश्न त्याला अपेक्षित नसावा. स्पार्क आलं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले आवारातून. २००९ मध्ये माटेई झहारिया तिथे पीएचडी करत होता. त्याचा एक सहविद्यार्थी नेटफ्लिक्सच्या स्पर्धेत उतरला होता. प्रेक्षकांनी सिनेमांना दिलेली सुमारे १० कोटी मानांकनं स्पर्धकांपुढे ठेवलेली, कंपनीच्या अंदाजापेक्षा १० टक्के चांगला अंदाज बांधणाऱ्याला १० लाख डॉलर. असा अंदाज बांधायचा तर तोच डेटा पुन:पुन्हा घुसळावा लागतो, आणि हडूप प्रत्येक फेरीनंतर सगळं डिस्कवर उतरवून ठेवायचं. म्हणजे ताक घुसळताना दर वळशाला रवी धुऊन फळीवर ठेवावी, तसं. झहारियानं डेटा मेमरीतच ठेवून फेऱ्या मारता येतील अशी रचना केली. यंत्र मध्येच बंद पडलं तर हरवलेला तुकडा कोणत्या पायऱ्यांनी पुन्हा तयार करायचा, एवढीच नोंद ती बाळगते. सहविद्यार्थ्याच्या संघाचं पुढे काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. अंतिम चाचणीत त्यांचे गुण विजेत्यांच्या बरोबरीचे होते, पण उत्तर पोहोचलं वीस मिनिटं उशिरा. दहा लाख डॉलर गेले. स्पार्क राहिलं.

“म्हणजे तू शनिवार-रविवारात जे शिकलास,” मावशी म्हणाली, “ते करायला एका मुलाची पीएचडी लागली.”

दादानं पान तोंडात टाकलं. सावकाश चावलं. मग म्हणाला, “मावशी, राग मानू नकोस. तू झहारियाची गोष्ट सांगतेस. तुझ्या वर्गातून किती झहारिया निघाले?”

टेबलावर क्षणभर शांतता पसरली.

“माझा एक मित्र एमटेक झाला,” तो पुढे म्हणाला. “कॉलेजचं नाव नको. बिग डेटाचं प्रॅक्टिकल काय होतं सांगू? एकाच कॉम्प्युटरवर हडूप बसवायचं आणि एका फाइलमध्ये कुठला शब्द किती वेळा आला ते मोजायचं. फाइल चार एमबीची. चार एमबीचा बिग डेटा! एवढं तर एक्सेलमध्ये होतं. जर्नल मात्र नव्वद पानांचं, बाइंडिंग करून.”

मावशी हे खोडून काढेल असं मुलीला वाटलं होतं. तिनं खोडलं नाही. “वर्ड काउंट सगळीकडेच असतं,” ती म्हणाली. “यंत्रांचा क्लस्टर नसतो, खरा डेटा कुणी देत नाही. आणि शिकवणाऱ्यांनी कधी पाइपलाइन चालवलेली नसते. माझ्यासकट.”

बिग डेटाच्या पदव्युत्तर शिक्षणातली ही अडचण फक्त पैशांची नाही. अणुभौतिकीच्या विद्यार्थ्याला अणुभट्टी लागत नाही, असं एक वेळ म्हणता येईल. इथे मात्र विषयाचं मर्मच आकारात आहे. दहा हजार ओळींवर जो प्रोग्रॅम सुरळीत चालतो, तो दहा कोटींवर का कोसळतो, हे दहा हजार ओळींवर कळत नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यूपीआयवर ऑगस्ट २०२३ या एका महिन्यात १००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. असा ओघ वर्गात आणायचा कुठून? आणि आणता आला, तरी लोकांचे व्यवहार विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचे कसे? म्हणून नेटफ्लिक्ससारख्या स्पर्धांचे संच, विकिपीडियाच्या प्रती, सरकारी आकडेवारी यांवर काम भागवावं लागतं. स्टॅनफर्डमध्ये या विषयावर चालणाऱ्या वर्गातून तयार झालेलं लेस्कोव्हेक, राजारामन आणि उलमन यांचं ‘मायनिंग ऑफ मॅसिव्ह डेटासेट्स’ हे पुस्तक कुणालाही फुकट वाचता येतं. पुस्तक चिंचवडमध्येही तेच आहे. फरक पडतो तो शेजारच्या खोलीत काय चाललंय याचा.

हॉलमधून बाबांनी विचारलं, “अमेरिकेचं काय ठरलं?”

ते कुणीच ठरवलेलं नव्हतं, पण प्रश्न दर सणाला येतो. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. २००९ नंतर पहिल्यांदाच भारतानं चीनला मागे टाकलं. त्यांतले बहुतेक एमएससारख्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना, आणि कॉम्प्युटरकडे ओढा मोठा. हिशेब साधा असतो : शिक्षण संपलं की बारा महिने काम करायची मुभा, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी चोवीस. या तीन वर्षांत कर्ज फेडायचं आणि एच-१बी व्हिसा लागतो का ते पाहायचं. एच-१बीची वार्षिक मर्यादा ८५,०००, त्यातले २०,००० अमेरिकेतल्या पदव्युत्तरांसाठी राखीव. वर सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावल्याची घोषणा झाली, आणि घरोघरचे हिशेब पुन्हा मांडले गेले.

“तिकडे जायचं असेल तर बसल्या जागी जा,” दादा म्हणाला. जॉर्जिया टेकचा कॉम्प्युटर सायन्सचा ऑनलाइन एमएस २०१४ मध्ये सुरू झाला तेव्हा संपूर्ण पदवीचा खर्च सुमारे ७,००० डॉलर सांगितला गेला होता. नोकरी सांभाळून, रात्री अभ्यास करून लोक ती पदवी घेतात. त्याच्या टीममधली एक मुलगी तेच करते आहे. “दिवसा प्रॉडक्शन, रात्री थिअरी. पगार चालू.”

“आणि गेटवरून एमटेक केलंस तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन,” मावशी म्हणाली. “दोन वर्षांचे २ लाख ९७ हजार ६००. हा म्हणेल, एवढा तर त्याचा बोनस असतो.”

“मी काही बोललो नाही,” दादा म्हणाला. बोनस खरंच तेवढा असावा.

इथवर वाद नेहमीच्याच वळणानं गेला होता. पदवी मोठी की अनुभव, हे भांडण गणपतीत आरत्यांइतकंच पाठ असतं. त्याला कलाटणी मिळाली ती मुलीच्या एका साध्या प्रश्नानं. “पण दोन वर्षांत शिकायचं काय असतं? म्हणजे खरंच काय?”

मावशीनं उत्तर दिलं ते १९३६ सालापासून. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या. सुमारे २४ लाख भरून परत आल्या.  साप्ताहिकानं छापलं की रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आले. मतदारांचा कौल घेणाऱ्या जॉर्ज गॅलपनं सुमारे ५० हजार लोकांना विचारून रूझवेल्टच येणार हे आधी सांगितलं होतं. डायजेस्टनं पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या वर्षात फोन आणि मोटार बाळगणारे कोण होते, हे निराळं सांगायला नको. शिवाय ज्यांनी पत्रिका भरून पाठवण्याची तसदी घेतली, तेही सरासरी मतदारांसारखे नव्हते.

“चोवीस लाख उत्तरं, आणि चुकीची. डेटा वाढला म्हणून चूक कमी होत नाही. चूकही तेवढीच ठाम होते.”

“ते शंभर वर्षांपूर्वीचं झालं.”

“मग २००८ चं घे.” त्या साली गूगलनं लोक सर्चमध्ये काय शोधतात यावरून फ्लूची साथ ओळखायला सुरुवात केली. सरकारी आकडे यायला आठवडा-दोन आठवडे लागायचे, गूगलचा आकडा लगेच यायचा. जगभर कौतुक झालं. पुढे संशोधकांनी ताळा घेतला तेव्हा दिसलं की ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे अंदाज चढाच होता. साथीची बातमी टीव्हीवर आली की धडधाकट माणसंही फ्लू शोधतात. शिवाय गूगल स्वतःच आपलं सर्च सतत बदलत होतं, त्यामुळे मोजपट्टीही सरकत होती. २०१५ मध्ये ती सेवा बंद झाली.

“आपल्याकडे पहिला डिजिटल कॉम्प्युटर कुठे आला माहीत आहे?” मावशीनं विचारलं. “बँकेत नाही, लष्करात नाही. १९५६ मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये. महालनोबिसांच्या संस्थेत. तागाचं पीक किती, हे सगळी शेतं न मोजता सांगणारा तो माणूस. कॉम्प्युटर आधी मोजणाऱ्यांच्या घरी आला. मग तुम्ही त्याला त्यांच्यापासून तोडलात.”

दादा आता सरसावून बसला. “मान्य. पण मी तुला गेल्या दिवाळीतलं सांगतो, हे तुझ्या कुठल्या पेपरात येतं ते सांग.” त्याच्या कंपनीचा एक दुकानदार ग्राहक आहे, शंभरेक दुकानांचा. वसुबारसेच्या दिवशी सकाळी डॅशबोर्डवर आदल्या दिवशीची विक्री बरीच वाढलेली दिसली. साहेब खूश, पेढे मागवले. दादाला शंका आली, कारण एका दुकानाची विक्री अगदी, पैशापर्यंत, दुप्पट होती. त्यानं दुकानात फोन लावला. रात्री तिथलं नेट जात-येत होतं. बिलिंगचं यंत्र विक्रीचा संदेश पाठवायचं, पोच यायची नाही, मग ते तोच संदेश पुन्हा पाठवायचं. संदेश दोन्ही वेळा पोहोचत होता, फक्त पोच येत नव्हती. अशी एकवीस दुकानं निघाली. “रात्री तीनपर्यंत बसून प्रत्येक बिलाला ओळखक्रमांक लावला. तोच क्रमांक परत आला तर दुसऱ्यांदा मोजायचं नाही. पेढे परत गेले नाहीत, ते सगळ्यांनी खाल्ले.”

मावशी लक्ष देऊन ऐकत होती. “याला आम्ही आयडेम्पोटन्स म्हणतो,” ती म्हणाली. “एक व्याख्या, एक उदाहरण, दोन गुण. पण पोच न आल्यामुळे हे होतं, आणि ते वसुबारसेलाच होतं, हे मी कधी सांगितलेलं नाही.”

“बघ.”

“तू पण बघ. तुझी शंभर दुकानं होती. आधारची माणसं किती?”

पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्या पहिल्या क्रमांकाचं काम सोपं होतं, कारण ताडून पाहायला मागे कुणीच नव्हतं. त्यानंतर मात्र प्रत्येक नव्या माणसाचे ठसे आणि डोळे आधीच्या सगळ्यांशी ताडायचे, म्हणजे एकच माणूस दोनदा येऊ नये. एप्रिल २०१६ मध्ये आकडा १०० कोटींवर गेला. मावशीनं पानाच्या तबकाखालचा कागद ओढला आणि भाचीला पेन दिलं. प्रत्येकाला प्रत्येकाशी ताडायचं तर जोड्या किती? १०० कोटी गुणिले १०० कोटी, भागिले दोन. पाचावर सतरा शून्यं. एका यंत्रानं सेकंदाला दहा कोटी जोड्या तपासल्या असं धरू.

मुलीनं शून्यं खोडली, भागाकार केला आणि मान वर केली. “एकशे अठ्ठावन्न वर्षं.”

“हजार यंत्रं लाव,” दादा म्हणाला. “अठ्ठावन्न दिवस. झालं काम.”

“आणि माणसं दुप्पट झाली की?”

“चौपट दिवस,” मुलगी म्हणाली. “यंत्रं दुप्पट केली तरी पुरत नाहीत.”

दादा काही बोलला नाही. त्यानं कागद आपल्याकडे ओढून भागाकार पुन्हा एकदा करून पाहिला. अर्थात प्रत्यक्षात अशी एकेक जोडी कुणी आंधळेपणानं तपासत नाही, काम वाटलं जातं, शोध आधीच आवळला जातो. पण तो कसा आवळायचा, आणि आवळताना खरी जोडी सुटण्याचा धोका किती, हा प्रश्न यंत्रांच्या संख्येनं सुटत नाही.

खाली सोसायटीच्या मांडवात स्पीकर खरखरला. मुलीला आठवलं की आज तिच्याकडे एक काम आहे. दर्शनाला येणाऱ्यांतून एकाला चांदीचं नाणं द्यायचं असं मंडळानं ठरवलं होतं, आणि सोडत तिनं काढायची होती.

“वहीत सगळ्यांची नावं लिही, रात्री एक चिठ्ठी उचल,” दादा म्हणाला.

“वही नाही,” मावशी म्हणाली. डोळ्यांत जरा खोडकरपणा आला होता. “समज, तुझ्याकडे एकच चिठ्ठी आहे. एका वेळी एकच नाव ठेवता येतं. किती लोक येणार ते माहीत नाही. दहाच्या आरतीला मी म्हणेन थांब, तेव्हा तुझ्या हातात जे नाव असेल त्याला नाणं. आणि आलेल्या प्रत्येकाला अगदी सारखी संधी मिळाली पाहिजे. नऊला आलेल्याला आणि सहाला आलेल्यालाही.”

“अशक्य,” दादा म्हणाला. “एकूण आकडा माहीत नसताना सारखी संधी कशी देणार?”

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. तबकातल्या सुपाऱ्या एकेक करून ओळीनं मांडत राहिली. “पहिला आला, त्याचं नाव लिहिलं,” ती हळूहळू म्हणाली. “दुसरा आला. आता दोघांना निम्मी-निम्मी संधी हवी. म्हणजे छापा-काटा. छापा आला तर पहिल्याचं खोडून दुसऱ्याचं लिहायचं.” तिनं तिसरी सुपारी ठेवली. “तिसऱ्याला एक तृतीयांश हवी. तीनात एकदा त्याचं नाव लिहायचं. मग आधीच्यांचं काय?”

“काय?” मावशीनं विचारलं.

“आधीच्या प्रत्येकाकडे निम्मी होती. ती तीनपैकी दोन वेळा टिकते. निम्म्याचे दोन तृतीयांश…” ती थांबली. “एक तृतीयांशच! आपोआप!” चौथी सुपारी. एक तृतीयांशाचे तीन चतुर्थांश, म्हणजे एक चतुर्थांश. “म्हणजे शंभरावा आला की शंभरात एकदा त्याचं नाव लिहायचं. हजारावा आला की हजारात एकदा. किती येणार ते कळायची गरजच नाही.”

पुस्तकात याला रिझर्व्हॉयर सॅम्पलिंग म्हणतात. जेफ्री विटर यांचा त्यावरचा निबंध १९८५ सालचा आहे. यूपीआयसारख्या न थांबणाऱ्या ओघातून, सगळा साठवायला जागा नसताना, पक्षपात न करता मूठभर व्यवहार तपासायला काढायचे, तर युक्ती हीच. चिठ्ठी एकच्या जागी हजार.

दादा सुपाऱ्यांकडे बघत होता. “भारी आहे,” तो म्हणाला. हे त्यानं मनापासून म्हटलं. मग त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. “पण आपल्या मांडवाला दोन दारं आहेत.”

“म्हणजे?”

“एक गेटकडून, एक पार्किंगकडून. तू एका दाराशी बसशील, दुसऱ्या दाराशी मी. तुझ्याकडे एक चिठ्ठी, माझ्याकडे एक. दहाला दोन्हीतली कुठली घ्यायची? छापा-काटा केला तर पार्किंगकडून दहाच माणसं आली असतील तेव्हा त्यांची चंगळ.”

“आकडे मोजायचे,” मुलगी म्हणाली. “माझ्याकडे साठ, तुझ्याकडे चाळीस, तर शंभरातला एक आकडा काढायचा. साठपर्यंत आला तर माझी चिठ्ठी.”

“बरं. आणि मी मध्येच चहाला गेलो, माझ्या जागी सोसायटीतल्या चिंटूला बसवलं, आणि त्यानं मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली तर?”

यावर मावशी मोठ्यानं हसली. “हा प्रश्न मी कधीच परीक्षेत घातला नसता. आता घालीन.” तिनं पर्समधून छोटी डायरी काढून खरंच काहीतरी लिहून घेतलं. डायरीत तिनं काय लिहिलं ते भाच्याला वाचता आलं नाही. पण जाता जाता तिनं त्याला विचारलं की पुढच्या सत्रात एखाद्या शनिवारी कॉलेजात येऊन ती दिवाळीची पेढ्यांची गोष्ट सांगशील का. तो म्हणाला, येईन, पण आयगेन व्हॅल्यू कशाला लागते ते आधी मला समजावून सांग. ते समजावणं पानाची दुसरी फेरी होईपर्यंत चाललं. सर्चमध्ये कुठलं पान वर दाखवायचं ते ठरवणारं पेजरँक म्हणजे मुळात वेबच्या महाकाय तक्त्याचा आयगेन व्हेक्टर काढणं आहे, आणि तो उद्योग १९९८ च्या सुमारास स्टॅनफर्डमधल्या दोन पीएचडी विद्यार्थ्यांनी केला, हे कळल्यावर दादानं फक्त “अच्छा” म्हटलं. ते दोघे पुढे पीएचडी अर्धवट टाकून कंपनी काढायला गेले, हे आठवल्यावर त्याचा चेहरा पुन्हा फुलला.

लॅपटॉपचा पडदा एव्हाना झोपला होता.

मांडवात दोन दारांशी दोन खुर्च्या लागल्या. मुलगी गेटकडे, दादा पार्किंगकडे. हातात फोन, त्यावर एक ते जितवा माणूस असेल तितक्यांतला आकडा काढायचा, एक आला तर नाव बदलायचं. सुरुवातीला नावं भराभर बदलत होती. पुढे बदलणं विरळ झालं, तरी प्रत्येक नव्या माणसाला ती आकडा काढून दाखवत होती. “काकू, तुम्ही ब्याऐंशीव्या. बघा, सत्तावन्न आला.” काकूंना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी प्रसाद घेतला आणि आणखी पाच जणींना पाठवून दिलं.

दहाच्या आरतीआधी दोघं समईपाशी भेटली. गेटकडून १३७, पार्किंगकडून ९१. एकूण २२८. मावशीनं आकडा काढला : १६४. म्हणजे दादाची चिठ्ठी. त्यानं ती उलगडली. बी विंगमधले आप्पा.

“आप्पा?” मुलगी म्हणाली. “ते माझ्याकडून पण आत आले होते. साडेसातला. माझे छत्तिसावे.”

“माझ्याकडे नऊला,” दादा म्हणाला. “नातवाला घेऊन.”

आप्पा पहिल्या रांगेत, झांजा हातात घेऊन उभे होते. त्यांना सोडतीचं काहीच माहीत नव्हतं. मुलगी त्यांच्याकडे आणि मग दोन्ही दारांकडे बघत राहिली. “म्हणजे २२८ माणसं नाहीच आहेत. दोनदा किती जण आले असतील?”

“यावर आमच्याकडे आख्खं एक प्रकरण आहे,” मावशी पुटपुटली. “दीड केबीच्या जागेत शंभर कोटी वेगवेगळे अंदाजानं मोजतात.”

“आमच्याकडे रोज रात्रीचा जॉब आहे,” दादा म्हणाला.

झांजा सुरू झाल्या. मुलीनं चिठ्ठी मुठीत धरली आणि आरतीच्या आवाजातून मावशीच्या कानाशी वाकून विचारलं, “हे कुठल्या पेपरात आहे? सीएस की डीए?”